पुलावरचं रडणं

आमच्यात बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी रडतात. डोळ्यांच्या कडा ओल्या होतात तसलं नाही, चांगलं गळ्यात पडून, सूर लावून, शेजारच्या तांड्याला ऐकू जाईल असं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उत्तर द्यायचं. त्यातच सगळं विचारून होतं, कोण आजारी आहे, कोणाची म्हैस गेली, इतके दिवस काहून नाही आली. रडणं आटोपलं की दोघी पदरानं नाक पुसतात आणि चहा ठेवतात. बंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही यात नवल वाटत नाही.

मला मात्र लाज वाटायची. यवतमाळला डी.एड.ला होते तेव्हा आई एकदा भेटायला आली आणि हॉस्टेलच्या फाटकातच सुरू झाली. पोरी आठ दिवस हसत होत्या. मी आईला तिथंच बजावलं, पुन्हा असं करायचं असल तर येऊच नको. अशी मी तोंडाची फटकळ, त्यात शिकलेली, म्हणजे विचारूच नका. त्यानंतर आई माझ्यासमोर कधी तशी रडली नाही. मी समजले, चला, सुधारली.

तिची सगळी रडारड मग माझ्या मोठ्या बहिणीच्या वाट्याला गेली. मोठी दिली होती नदीपलीकडे, आदिलाबादकडच्या एका तांड्यात. आमचा तांडा पांढरकवड्याहून थोडा आत. सकाळी बस धरली की मोठी दुपारच्या भाकरीला आईपुढं हजर. पैनगंगेच्या पुलावर राज्य बदलतं हे आम्हाला फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळायचं.

लॉकडाऊन लागला आणि त्या पुलावर बॅरिकेड आलं. त्याच उन्हाळ्यात आईच्या पोटात पाणी झालं. पांढरकवड्याच्या डॉक्टरनं तपासून मला बाहेर बोलावलं. म्हणाला, मॅडम, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. मी तांड्यावरच्याच शाळेत शिकवते, त्यामुळं सगळे मला मॅडम म्हणतात. मॅडम असून काय उपयोग झाला ते पुढं सांगते.

आईला खायला काही नको होतं. तिला मोठी पाहिजे होती. रोज उठल्या उठल्या विचारायची, "निघाली का थे?" मी मोबाईलवर मोठीचा चेहरा दाखवला तर तिनं मान फिरवली. "हे नको. मले खरी पायजे."

ई-पाससाठी मी तीनदा अर्ज भरला. एकदा फोटो नीट नाही म्हणून परत, एकदा डॉक्टरची चिठ्ठी मराठीत आहे म्हणून परत, तिसऱ्यांदा कारणच नाही. हेल्पलाइनच्या माणसाला मी नको नको ते बोलले. तो बिचारा म्हणाला, ताई, मी फक्त फोन उचलतो. आईचे पाय सुजत चालले होते आणि मी बोटांवर दिवस मोजत बसले होते. शेवटी मोठीच म्हणाली, "पास गेला खड्ड्यात. मी निघून राह्यली." कांद्याच्या गाडीत बसून ती पुलाच्या पलीकडच्या टोकाला उतरली.

शेजारच्या काकीला आईजवळ बसवून मी स्कूटीवर पूल गाठला. वाटेत थांबून मोठीला फोनवर चांगलं दटावलं. "हे पाह्य, पोलिसापुढं रडायचं नाही. तोंडाले मास्क, अंतर ठेवायचं, चिठ्ठी दाखवायची, मी बोलते." ती हो हो म्हणाली. काय हो हो! मी बॅरिकेडपाशी पोचले, तिनं पुलावरून मला पाहिलं, डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं आणि तिथूनच सूर लावला. अख्खा पूल दणाणला. ट्रकवाले खाली उतरून पाहायला लागले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, झालं, आता हिला इथूनच हाकलतात.

बंदोबस्तावरचा हवालदार लांबच्या कुठल्या तरी जिल्ह्यातून आलेला होता, बोलण्यावरून कळत होतं. इथला असता तर त्याला बरोबर समजलं असतं. तो धावत माझ्याकडं आला. मास्क खाली ओढून हळूच म्हणाला, "ताई, कोण वारलं हो?"

मी तोंड उघडलं ते चिठ्ठी दाखवून खरं सांगायला. देवाशपथ खरं सांगायला. आणि तोंडातून निघालं, "आई."

त्यानं मास्क परत वर चढवला. मग म्हणाला, "माझी आजी गेली मागच्या महिन्यात. मला सुट्टी नाही मिळाली." बॅरिकेड त्यानं स्वतः बाजूला केलं. वहीत मोठीचं नाव लिहिलं, आमचं गाव लिहिलं. एका स्कूटीवर दोघींना बसायला परवानगी नव्हती, म्हणून पांढरकवड्याकडं निघालेला भाजीचा टेम्पो थांबवून त्यानं मोठीला पुढच्या सीटवर बसवलं, तांड्याच्या फाट्यापर्यंत सोड म्हणून ड्रायव्हरला सांगितलं. मोठीला यातलं काहीच कळलं नाही. तिला वाटलं, धाकटीनं हुशारीनं काम केलं. मी स्कूटी पुढं काढली. इतक्या भल्या माणसाला फसवल्याचं मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त आनंद होत होता. आता दोघींची भेट होणार होती. हवालदारानं गावाचं नाव कशासाठी विचारलं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

घरी पोचले तर अंगणात पोलीस पाटील उभे. तोंडाला पंचा, एका हातात वही, दुसऱ्या हातात सॅनिटायझरची बाटली. हवालदारानं फोन करून मयत झाल्याचं कळवलं होतं. पाटील भले माणूस, पण त्या दिवसांत कोरोनाला इतके भ्यायचे की उंबऱ्याच्या चार हात लांब थांबून बोलायचे.

"वाईट झालं मॅडम," ते म्हणाले. "माती कवा देता? वीस माणसाच्या वर नको बरं. मले नावं लागतीन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आलेच म्हणून मी घरात शिरले. काकी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकलेली. आई बाजेवर टक्क जागी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मले मारलं का तू?" आईनं विचारलं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

मला रडूच फुटलं. कुजबुजत कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, आई शिव्या देईल, अभद्र तोंडाची म्हणेल. जिवंत आईला मेली म्हणणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार? तिनं फक्त एवढंच विचारलं, "मी जिती आहो म्हणून कळलं तर तिले परत धाडतीन?"

"धाडतीन. वरून केस करतीन."

आईनं अंगावरची चादर दोन्ही हातांनी वर ओढून तोंडावर घेतली. आतून आवाज आला, "दाखव त्याले. तो पाहून गेला का मी उठते."

"आई, येडी झाली का तू?"

"दाखव म्हणते ना!"

मी जन्मात कधी इतकी घाबरले नव्हते. पाटलांना दाराशी बोलावलं. त्यांनी लांबूनच वाकून पाहिलं, टोपी काढली, हात जोडले. "बरी होती बुढी," म्हणाले आणि वळले. आणखी पाच मिनिटं, फार तर दहा, ते वाटेला लागले असते. पुढं काय करायचं ते मी पुढं पाहिलं असतं.

तेवढ्यात मोठी आली. फाट्यावर उतरून धावतच आली होती. अंगणात पोलीस पाटील टोपी हातात घेऊन, काकीच्या तोंडात पदर. पाटलांच्या अंगावरून ती तशीच आत शिरली आणि तिनं बाजेवरची चादर पाहिली.

तिचं ते रडणं मी कधी विसरणार नाही. ते भेटीचं रडणं नव्हतंच. ती बाजेवर कोसळली आणि सुरू झाली, "याडी गं, एक पूल ओलांडाले मले दोन महिने लागले. याडी गं, तुले घडीभर दम नाही निघाला." याडी म्हणजे आमच्यात आई. तिच्या कानाशी जाऊन सांगावं, अगं जिवंत आहे, तर पाटील दारातच वळून उभे. मी तिचा दंड धरून ओढत होते आणि ती मला झिडकारत होती. मनात एकच चाललं होतं, आई, हलू नको, श्वास घेऊ नको, एवढं निभावून ने.

आणि चादरीतून उत्तर आलं.

आधी बारीक, मग चांगला सूर लागला. "आली का गं माय माही. किती वाळली गं माय माही. लेकरं कोणाजवळ टाकून आली." मोठी एकदम गप्प झाली, मग किंचाळली, मग तिनं चादर फाडल्यासारखी ओढली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघींनी मिळून जो आकांत मांडला! पाटील "अरे बापरे" म्हणून मागं सरले ते पायरी चुकून अंगणात बसले. काकी हसत होती का रडत होती, तिचं तिलाच माहीत.

पाटलांनी दोघींचं रडणं होऊ दिलं, एवढं मात्र सांगायला पाहिजे. मग मला बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. "मॅडम, तुम्ही पोराइले शिकवता. तुम्ही असं?" मला मान वर करता आली नाही. केस करणार नाही म्हणाले, परत पाठवणार नाही म्हणाले, पण चौदा दिवस शाळेत ठेवायचं, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, आता हात लागलाच आहे, तर तिला आईजवळच राहू द्या, आम्ही सगळ्याच घरात कोंडून घेतो. ते म्हणाले, "माह्या हाती नाही. गाव आधीच तापून आहे." मी हातापाया पडले. उपयोग झाला नाही.

शाळेची किल्ली माझ्याकडंच होती. दुसरीच्या वर्गाचं कुलूप मी स्वतः उघडलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीला आत सोडलं. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर. आईचा आवाज मात्र आता तेवढाही जात नव्हता.

आई दहाव्या दिवशी गेली. मोठीचे चौदातले चार दिवस राहिले होते.

पण मला झोपेतून उठवते ती मोठीला शाळेत सोडून आले ती दुपार. घरात आले आणि आईवर तुटून पडले. "पाच मिनिटं गप्प नाही राहता आलं तुले? तो चाललाच होता ना! आज इथं असती ती, तुझ्याजवळ!"

आई दमली होती. डोळे मिटूनच बोलली, "लेक रडून राह्यली अन् मायनं उत्तर नाही द्यायचं?"

मी तणतणत भांडी आवरत राहिले. जरा वेळानं तिनं डोळे उघडले आणि बाजेवर माझ्यासाठी थोडी जागा केली. "तू बी ये ना," ती म्हणाली. "तू तर कवाच नाही रडली माह्या गळ्यात. हॉस्टेलपासून मी वाट पाहून राह्यली."

मी म्हटलं, आता नको, मोठीचा डबा पोचवायचा आहे. आणि उठून गेले.