अर्ध्या चाऱ्याच्या बकऱ्या

हिरीबाई बकऱ्यांच्या आधी कधी जेवली नाही. इंझोरीजवळच्या तांड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाची पंगत बसली तरी ती आधी घरी जाऊन गव्हाणीत तुरीचं कुटार टाकून यायची.

"मले उपाशी ठेवते, बकऱ्याईले नाई," नवरा भाऊसिंग म्हणायचा. "च्यार पायाचा असतो त बरं होतं."

"दूध देत असता त पाह्यलं असतं," हिरीबाई म्हणायची.

अशा बाईची मुलगी बकऱ्यांवरच शिकायला गेली, याचं तांड्याला हसू यायचं. मंजू शहरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करत होती. विषयाचं नाव प्रोटिओमिक्स. ती आईला याडी म्हणायची. याडीला तिने तो विषय फोनवर समजावला होता. चारा कमी पडला की जनावर आधी अंगातली चरबी जाळतं, मग स्वतःच्या मांसाला हात घालतं. त्या वेळी मांसातली कोणती प्रथिनं वाढतात, कोणती मोडतात, हे यंत्र एका दमात सांगतं. ते कळलं तर उन्हाळ्यात जनावरं तगवता येतील.

"पन तुह्या बकऱ्याईले चारा काहून कमी पडते? तिथं त कुटाराचे ढीग असतीन."

"काही बकऱ्याईले आमीच अर्धा देतो, याडी. त्याबिगर कसं समजन?"

हिरीबाईने हातातलं कुटार गव्हाणीत टाकलं.

"कवापर्यंत?"

"काम होईपर्यंत."

"बरं," हिरीबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने आपली भाकर मोडली आणि अर्धी टोपलीत परत ठेवली. भाऊसिंगने विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरीले शिकायचं हाय, तिचा दोष नाई. पन मुक्या जिवाईले आपल्या घरच्या मानसानं अर्ध्यावर ठेवलं. कोनी त त्याईच्यासंग अर्ध्यावर राह्यलं पाह्यजे." मंजूला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. भाऊसिंगला वाटलं, चार दिवसांत सोडेल.

पोळ्यानंतरची ही गोष्ट.

दिवाळीच्या आधी मंजूचा प्रयोग संपला. बकऱ्या कापल्या गेल्या. मांसाचे तुकडे तिथल्या तिथे गोठवावे लागतात. जीव गेला तरी मांसातलं काम काही वेळ चालूच राहतं, प्रथिनं बदलत जातात. तुकडे गोठवायचं काम मंजूने स्वतः केलं. संध्याकाळी याडीचा फोन आला.

"बकऱ्या कशा हायत?"

मंजूच्या हाताचा वास अजून गेला नव्हता. "बऱ्या हायत," ती म्हणाली.

"अजून अर्ध्यावरच?"

"व्हय. अजून काम चालू हाय."

खरं सांगितलं तर याडीला घास जायचा नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

मग ते खोटं तसंच चालत राहिलं. यंत्रावर नंबर लागायला वेळ लागत होता. याडी दर फोनला विचारायची. मंजू तेच सांगायची.

तूर काढून झाली. हिरीबाईच्या दंडावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. तिने त्या चिंधीने बांधल्या आणि कामाला जात राहिली. हरभरा सोंगताना एका सकाळी ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसली. तिला उठता आलं नाही.

भाऊसिंगने शपथ मोडली. मंजूला फोन केला आणि सगळं सांगितलं.

मंजू वाशीमच्या दवाखान्यात पोचली. याडीच्या छातीत न्यूमोनिया होता. दंडाला मांस उरलं नव्हतं. तिथे काय झालं होतं, हे मंजूला कोणी समजावायची गरज नव्हती. याडीपुढे ताटलीत अर्धी भाकर होती. उरलेली अर्धी तिने रुमालात बांधून उशाशी ठेवली होती.

"याडी, पुरी खाय."

"तुह्या बकऱ्या?"

मंजू पलंगाच्या कडेला बसली. "त्या नाईत आता. दिवाळीच्या आंधीच कापल्या. मी खोटं बोलली."

हिरीबाई रागावली नाही. तिने रुमालावर हात ठेवला. मग तिने विचारलं, "मरताना पोट भरलं होतं काय त्याईचं?"

कापण्याआधी जनावराला उपाशी ठेवतात. तसा नियमच आहे. आदल्या दिवशी मंजूनेच गव्हाणी रिकाम्या केल्या होत्या. बकऱ्या नुसत्या फळ्या चाटत उभ्या होत्या.

"व्हय," मंजू म्हणाली. "पोटभर घातलं होतं. कुटार, सरकीची ढेप, सगळं."

"तू सोता?"

"मी सोता."

हिरीबाईने रुमाल सोडला. वाळलेली अर्धी भाकर वरणात कुस्करली आणि सावकाश खाऊ लागली. भाऊसिंग भिंतीकडे तोंड करून बसला. मंजू तिचा एकेक घास पाहत होती.

शेवटचा घास हिरीबाईला गेला नाही. तो तिने मंजूच्या हातावर ठेवला.

त्यानंतर ती रोज पुरी भाकर मागायची. अंगात ताकद आली नाही. होळीच्या आधी गेली.

माती झाल्यावर शेजारच्या जमनाबाईने घरी जेवण आणलं. मंजूसमोर ताट ठेवलं.

"दोन घास खाय, पोरी," भाऊसिंग म्हणाला.

बाहेर बकऱ्या ओरडत होत्या. सकाळपासून त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मंजू उठली. टोपलंभर कुटार गव्हाणीत टाकलं आणि बकऱ्यांचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.