सुनंदाची कावीळ

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पण आज छाती नुसती धडधडतेय — आनंदानं, हो, आनंदानंच! सुनंदाचा, माझ्या बायकोचा, रिपोर्ट आला. कॅन्सर गेला! अंगणात पोरी नाचतायत, नगरहून आणलेले पेढे वाटतायत. आणि मी मागच्या खोलीत तुमच्याशी बोलत बसलोय. का? आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, म्हणून.

ती आजारी पडायच्या कितीतरी आधी मी सुप्याच्या कंपनीत रक्तदान केलं होतं. रक्तपेढीतून फोन आला — तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी, काविळीचा विषाणू, निघालाय, तो नवरा-बायकोत एकमेकांना लागतो, बायकोचीही तपासणी करून घ्या. कुठून आला? मला आजही माहीत नाही. पण तिनं पहिलं हेच विचारलं असतं. म्हणून तिला सांगितलंच नाही, तपासणीही केली नाही.

मग तिच्या मानेत गाठ आली. पहिल्या केमोआधी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हिपॅटायटिस बीची तपासणी झालीय ना? विषाणू अंगात दडलेला असला तर केमोनं उसळतो."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? आणि मी —

"झाली मॅडम, संगमनेरला. काही निघालं नाही. रिपोर्ट आणून देतो."

गाठ घशावर दाबत होती, थांबायला सवड नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला.

तिसऱ्या केमोनंतर सुनंदाचे डोळे पिवळेजर्द झाले. तपासलं — विषाणू! केमो थांबली. लिव्हर राहतं की जातं, अशी वेळ. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर आधीच विषाणूवरची गोळी सुरू केली असती." तीच गोळी उशिरा लागू पडली, म्हणून ती वाचली, आणि राहिलेली केमोही पुढं पुरी झाली.

पण थांबा — खरं सांगायचंय ते पुढंच आहे. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "लहानपनी जत्रंत गोंदून घेतलं हुतं, त्या सुईनंच आलं आसंल. माज्यामुळं तुमाला लई तरास."

आणि मी म्हणालो, "आसंल."

पोरींच्या तपासण्या चांगल्या आल्या. जवळ घेतल्यानं काही होत नाही, असं मॅडमनी समजावलं. तरी ती पोरींना कुशीत घेईना. धाकटी दाराशी रडायची. मी तिला उचलून अंगणात न्यायचो.

"आवं, कुठं हाय तुमी? फोटू काढायचाय!"

तीच हाक मारतेय. केवढी हसतेय! मी चाललो. फोटोच्या आधीच सांगतो. पोरींसमोर.