डाव्या पंखाला लाल दिवा

सरोवराकाठच्या बालिकची गावातल्या औषधांच्या दुकानात बत्तीस वर्षं काढल्यामुळे सायराकानला ग्रॅमची भाषा नीट कळायची. रिमोटवर उडणारं विमान करायचं तिने मनावर घेतलं, तेव्हा छताला लावायच्या फोमच्या पातळ फरश्या आणल्या, ब्लेडने कापल्या आणि एकेक तुकडा तोलून पाहिला. गोंद जरा जास्त लागला की ती काडीने खरवडून काढायची.

तिचा नवरा मुकाश सरोवरातल्या मालवाहू बोटीवर सुकाणू धरून निवृत्त झालेला. विमान हातात घेऊन तो म्हणाला, "याच्याहून माझी टोपी जड आहे."

"मग ती घाला आणि गप्प बसा," सायराकान म्हणाली.

खरी पंचाईत वाऱ्याची होती. सरोवराचा वारा दिवसभर गावाला झोडपायचा आणि अंधार पडला की थकून बसायचा. असलं हलकं विमान उडवायचं तर अंधारातच. म्हणून तिने पंखांना आणि शेपटीला बारीक पांढरे दिवे चिकटवले.

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावरून विमान झकास वर गेलं. दोन गिरक्या झाल्या आणि ते येतंय की जातंय, हेच तिला कळेना. तिने डावीकडे वळवलं, तर ते भलतीकडेच वळलं आणि काटेरी झुडपांत शिरलं. मुकाशने हात ओरबाडून घेत ते बाहेर काढलं.

घरी आल्यावर बोटातले काटे काढता काढता मुकाश बोलला. "अंधारात समोरची बोट मी कशी ओळखायचो, विचारलंस कधी?"

"कशी?"

"तिच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. लाल आपल्या उजव्या हाताला दिसला, की ती आपल्याकडेच येतेय."

"इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं."

"तू विमान कधी केलं होतंस?"

पंखांवरच्या नव्या लाल-हिरव्या दिव्यांनी वजन चार ग्रॅमने वाढलं. सायराकानने तेवढं वजन कमी करायला चाकंच काढून टाकली. उतरायचं तर गवतावरच होतं. पुढच्या शांत संध्याकाळी लाल-हिरवे ठिपके पाण्यावर फिरू लागले. मुकाश शेजारी उभा राहून "येतंय… जातंय…" असं बंदरावरच्या आवाजात सांगत होता. आता ते तिचं तिला कळत होतं, पण तिने त्याला थांबवलं नाही. शेवटी विमान गवतावर पोटावर घसरत अलगद थांबलं.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेलेला मुकाश भेटेल त्याला "आमचं विमान" म्हणून सांगत सुटला. सायराकानच्या कानावर ते आलं. दुकानात एका गिऱ्हाइकाने त्याबद्दल विचारलं, तेव्हा खोकल्याचं औषध देत ती म्हणाली, "हो, आमचंच."