सातपुड्यातलं रिकामं घर

रूथला सातपुड्यातल्या शाळेवर शिकवायला जायचं होतं आणि मला तिला पाठवायचं नव्हतं. मिशनचं पत्र आल्यापासून आम्हां बापलेकींचं बोलणं 'मीठ वाढ' आणि 'दिवा लाव' एवढ्यावर आलं. आमचा थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी हिवतापाने गेला. उरली ही एकच. शेवटी मी म्हटलं, "मी आधी जागा बघून येतो, मग ठरवू." खरं सांगायचं तर नकार द्यायला कारणं हवी होती म्हणून मी निघालो. मी नगरकडचा शाळामास्तर. खोट काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मनमाड, जळगाव अशा गाड्या बदलत सकाळी नंदुरबारला उतरलो. तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर फाल्गुनात जा, पावसाळ्यात तापी वाट देत नाही. स्टेशनाबाहेर शहाद्याची बैलगाडी मिळते. भाडं चढण्याआधी ठरवावं आणि खाली कडबा भरपूर टाकायला सांगावं, नाहीतर माणूस पोचतो पण कंबर मागे राहते. प्रकाशा गावापाशी गाडी सरळ तापीच्या पात्रात उतरली. मी दोन्ही हातांनी दांडा धरला, तसा गाडीवान मागे वळून हसला.

"मास्तर, पानी घुडगाइतलंच शे. कसाले घाबरी ऱ्हायनात?"

"आणि मधेच डोह लागला तर?"

"मन्हा बैलेसले वाट माहीत शे ना!"

मला त्याचा हेवाच वाटला.

शहाद्याला जयसिंगभाऊ घ्यायला आले होते. ते मूळचे डोंगरातलेच, मिशनच्या शाळेत शिकून सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, झालेले. पुढे दोन दिवस पायवाट. डोंगरातला माणूस 'जवळच आहे' म्हणाला की दुपारची भाकर बांधून घ्यावी, हा माझा अनुभव. मोहाची फुलं पडली होती आणि बायका टोपल्या घेऊन ती वेचत होत्या. मुक्कामाला उडदाची डाळ आणि ज्वारीची भाकर मिळाली, आणि असं जेवण मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो. वहीत मात्र माझी नोंद चालूच होती: चढ उभा, पाणी झऱ्याचं, दवाखाना दोन दिवसांवर, बिबट्याचा वावर. एकेक वाढत होतं तसा मी खूश होत होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

पाड्यावरची घरं लांब लांब, ज्याचं त्याच्या शेतात. शाळेच्या झोपडीशेजारी बांबूच्या कुडाचं एक घर होतं, सारवलेलं, आत जातं आणि दोन माठ. मला तिथेच उतरवलं. सकाळी जयसिंगभाऊंबरोबर झरा बघायला निघालो तेव्हा सवयीने ट्रंकेचं कुलूप काढून दाराला लावलं.

परत आलो तर दारासमोर वीस-पंचवीस माणसं गप्प उभी. पुढे एक बाई भरलेली घागर घेऊन बसली होती आणि रडत होती. जयसिंगभाऊंनी तिच्याशी भिलीत बोलून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"मास्तर, इथे दाराला दोरी बांधतात. कुलूप यांनी फक्त जप्तीच्या वेळी पाहिलंय. सरकारने घर घेतलं असं वाटतंय त्यांना."

मी घाईघाईने कुलूप काढलं, हात जोडले. लोक हसले आणि पांगले; घागरवाली बाई तेवढी थांबली. मी विचारलं, "पण हे घर कोणाचं?"

"शिकवायला येतील त्या बाईंचं."

"कोणत्या बाई?"

"ते कुठे ठाऊक होतं? दोन पावसाळ्यांपूर्वी सगळ्या पाड्याने लाह करून बांधलं. लाह म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायचं, मजुरी नाही, जेवण तेवढं. ही जत्रीबाई दर शनिवारी येऊन सारवते."

मास्तरकी स्वस्थ बसू देईना. "कोणीच आलं नाही तर?"

जत्रीबाई जे बोलली ते जयसिंगभाऊंनी मराठीत सांगितलं. "आम्ही देवाकडे मागितलं. मागितल्यावर घर बांधायचं नाही, तर मागायचं कशाला?"

"इथे ताप येतो का?" मी तिला विचारलं. माझी वही याच उत्तराची वाट बघत होती.

"येतो. माझी दोन मुलं तापानेच नेली."

"मग एवढा भरवसा कसा ठेवता?"

ती म्हणाली, "मुलं गेली तेव्हा देव काय करत होता, मला माहीत नाही. पण तो नसता तर मी दुसऱ्या दिवशी उठले नसते."

मी तिला माझ्या मुलाबद्दल सांगितलं. घराबाहेर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बोलता बोलता मला रडू आलं, आणि जयसिंगभाऊंनी भाषांतर करायचं थांबवलं. तिला कळलं होतं. तिने उठून घागरीतलं पाणी माठात ओतलं आणि ती घरी गेली.

घरी आल्यावर मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. चढ, झरा, दवाखाना, बिबट्या, ताप. एकही खोट गाळली नाही. रूथ मान खाली घालून ऐकत होती.

पत्नीने विचारलं, "अहो, म्हणजे धोका आहेच?"

"आहे."

"मग नको ना?"

"जाऊ दे तिला," मी म्हणालो. "तिथे तिची वाट बघतायत."

पाऊस लागण्याआधी रूथ पाड्यावर गेली. तापीला पूर आहे, महिना झाला पत्र नाही. वाचकांना वाटेल, या प्रवासाने माझी भीती गेली. नाही गेली. पोस्टमन पुढे निघून जातो तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे जातो. फक्त प्रार्थना आखूड झाली आहे. तिला ताप येऊ देऊ नको, पाय घसरू देऊ नको, असं देवाला बजावणं आता मला जमत नाही. मी आणि पत्नी गुडघे टेकतो आणि म्हणतो, "बापा, रूथ तिथे आहे." मग मी शाळेत जातो.