गणपतआबांच्या सामानातली वाळू

सातारच्या आमच्या फाउंड्रीत एका सोमवारी भिंतीवर कागद लागला... कारखाना सांगलीला हलणार. आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी तिथं टाइमकीपर होतो. शिक्षण सातवी, आणि स्वभाव आजच्यासारखाच, घोर लावून घेणारा.

साहेबांनी सगळ्यांना एकच मदत ठरवली. प्रत्येकाला सामानासाठी ट्रकची एक खेप, आणि सांगलीत चाळीतली एक खोली. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

कागद घेऊन एकेकाला विचारायला गेलो, तर एकाचं दुसऱ्याशी जुळेना. सुरेश वेल्डर नुकताच लागलेला, बिनलग्नाचा. तो म्हणाला, खोली नको, खानावळ तेवढी चांगली बघा. लेथवरच्या मुल्लाभाईंची तीन मुलं शाळेत. त्यांना वार्षिक परीक्षा होईपर्यंत थांबायचं होतं, मग दाखले काढून जायचं. दोघांचंही मी साहेबांकडून मंजूर करून आणलं. वाटलं, जमतंय आपल्याला...

राहिले गणपतआबा. आमचे सगळ्यात जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्यासाठी मी न विचारताच तळमजल्याची खोली धरून ठेवली होती, जिना चढायला नको म्हणून. मिरजेचे दवाखाने जवळ, हेही सांगून टाकलं.

आबांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. राजीनामा... कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली त्यांची वाकडी सही.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि साहेबांना काहीच बोललो नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आबा वाळू चाळत होते, तिथं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आबा, अजून काय पाहिजे ते तरी सांगा."

"तू मला घराचंच इचारतोयस. कामाचं कवा इचारणार?"

आबा चाळणी हलवतच बोलले. "तिथं नवी वाळू हाय. नव्या वाळूत पयले काय म्हयने वतल्याल्या मालाला भोकं पडत्यात. सुरेशच्या वयाच्याला पडली, तर शिकतोय म्हनत्यात. माज्या मालाला पडली, तर म्हाताऱ्याचा हात गेला म्हनतील. त्यापरास आत्ताच घरी बसतो."

"मग करायचं काय?"

त्यांनी मागच्या ढिगाकडं बोट केलं. काळीभोर वाळू... वर्षानुवर्षं चाळलेली, भिजवलेली, मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटणारी. "ही न्याची. दुसरं काय नगं मला."

आबांच्या घरचं मला ठाऊक होतं. कारभारीण कोरेगावाकडं शेतावरच राहणार, यांचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. म्हणजे त्यांची खेप रिकामीच जाणार होती. मी यादीत सरळ लिहिलं... गणपतआबा, सामान : ट्रंक, वळकटी, वाळू.

साहेबांनी वाचलं. "ट्रकमधनं माती नेणार तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, ज्याच्या त्याच्या सामानाला एक खेप, असा नियम आहे. आबांचं सामान हेच आहे." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला... आणि सही केली.

त्या खेपेला मी स्वतः ट्रकमागं ताडपत्रीवर बसून गेलो. कराड येईपर्यंत चार वेळा थांबवून बघितलं, वाळू सांडत तर नाही ना. चौथ्या वेळेला ड्रायव्हर म्हणाला, "गड्या, आता तूच चालव."

सांगलीतलं पहिलं ओतकाम पंपाच्या बॉडीचं होतं. लोखंड थंड झालं, आबांनी साचा फोडला, माल झाडला आणि हातोडीनं हलकेच ठोकून बघितला. घंटेसारखा स्वच्छ आवाज... एक भोक नाही. सुरेश तर खाली वाकून तोंड बघायला लागला त्यात.

आबा माझ्याकडं वळले. "माजी चिठ्ठी कुटं हाय रं?" इतके दिवस ती माझ्या खिशातच होती, घामानं मऊ झालेली. त्यांनी घेतली, भट्टीत टाकली आणि साच्याची पुढची पेटी वाळूनं भरायला बसले. दोन वर्षं पुरी करूनच घरी गेले.

काल नातीला तिच्या कंपनीचा फॉर्म आला... बदलीच्या गावी कसलं घर हवं, किती खोल्या हव्यात. तिला म्हटलं, खाली जागा असेल तर लिही, कामाला काय लागतं तेही विचारा. घोर लावून घ्यायचा स्वभाव काही गेला नाही माझा, पण तो कुठं लावायचा एवढं मला पक्कं कळतं... ते गणपतआबांनी शिकवलं.