साडीच्या टोकावरची खूण

शाळा मी चौथीत सोडली आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बेंगळुरातल्या कुठल्याही दुकानातली काडेपेटी, सोड्याची बाटली, बिस्किटाचा डबा मी दुरून ओळखायचो. त्यावरच्या खुणेवरून. चांगली खूण वाचावी लागत नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर कँटोन्मेंटातल्या साहेबांच्या घरची चित्रांची पुस्तकं रद्दीत यायची, आता ज्यांना कॉमिक्स म्हणतात ती. उडणारे, मुखवटे घातलेले, बुक्कीनं भिंत पाडणारे गडी. गोष्ट मी मनानंच लावायचो. जीव अडकायचा तो त्यांच्या छातीवरच्या खुणेत. एवढीशी ती, पण कितीही गर्दीत कळायचं की हाच तो.

पोटासाठी मी कब्बनपेटेत रेशमी साड्यांच्या मागासाठी कार्डं पाडायचो. नक्षी आधी चौकोनांच्या कागदावर काढतात. चौकोनांच्या एका ओळीला पुठ्ठ्याचं एक कार्ड. भोक असेल तिथं मागावर धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. कार्डं दोरीनं ओवून चढवली की माग ती एकामागून एक वाचत जातो. माझा नातू महादेवपुऱ्यात कंप्युटरवर बसतो, तो म्हणतो हे कोडिंगच झालं. असेल. नाव ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या मालकांच्या साडीच्या टोकाला पोपट असायचा. गल्लीतल्या कितीतरी जणांच्या साडीलाही पोपटच. बायका दुकानात पोपटवाली मागायच्या आणि दुसऱ्याचीच घेऊन जायच्या. मला ते सोसेना. मी खूण काढली: वाटोळ्या कड्यात उडणारा गडी, हातात विणायचा धोटा आणि पाठीवर साडीचा फडफडता पदर.

मालक कन्नड, बोलायला तिखट. म्हणाले, खिडकीजवळचा जुना माग गौरीच्या सणाच्या ऑर्डरी सुरू होईपर्यंत मोकळा आहे, तोवर काय ते करून दाखव, नंतर तोंड उघडायचं नाही. म्हणजे जमलं तर तेवढ्यात, नाहीतर जन्मभर पोपट.

कारखान्यातला कागद मालकांच्या नक्षीसाठी असायचा, म्हणून मी गणिताच्या वहीचा घेतला. चौकोन तो चौकोन, असं मला वाटलं. विणून आलं तेव्हा कडं वरून दाबल्यासारखं चपटं, आणि आत माझा गडी चेंगरलेला.

"काय राव, हा उडतोय, का इडल्या खाऊन पडलाय?" मालक म्हणाले.

सगळे विणकर हसले. मी तुकडा कापून घरी नेला. भोकं मी तपासली होती, चूक मागाचीच, असं बायकोला सांगितलं. ती घरी रेशमाच्या कांड्या भरायची. तिनं तुकडा कागदाशेजारी ठेवून बोटांनी मापला. म्हणाली, आडवे धागे बघा किती दाट बसलेत, उभे स्वल्प विरळ आहेत, कापडात तुमचा चौकोन चौकोन राहतच नाही. कागदावर त्याला लांबवा, ताडासारखा, म्हणजे कापडात बरोबर बसेल.

मी चिडलो. चांगलं काढलेलं चित्र आपल्याच हातानं बिघडवायचं? रात्री तिच्याकडे पाठ करून जेवलो.

"अहो," ताट उचलताना ती म्हणाली, "साडी नेसणारी तुमचा कागद बघायला येणार आहे का?"

हे जास्तच झोंबलं.

मग काढलं. अंड्यासारखं उभं कडं, बांबूसारखा गडी. इतकं कुरूप चित्र मी आयुष्यात दुसरं काढलं नाही. ओळी वाढल्या तशी कार्डं वाढली, पंच मारून तळहाताला फोड आले. माग चालू केला तोवर गौरीचं रेशीम येऊन पडलं होतं. मालक म्हणाले, ऊठ. मी म्हटलं, एवढं विणल्याशिवाय उठत नाही, ढकलून काढा हवं तर. ते तिथंच उभे राहिले. आधी कड्याची कड आली, मग पाय, मग पदर, धोट्याचा हात, आणि कडं मिटलं. नाण्यासारखं वाटोळं.

मालकांनी त्यावर अंगठा फिरवला. तुकडा लांब धरला, जवळ आणला. या खेपेला हसले नाहीत.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडात ठीक. "पोपट उतरव, राव. गौरीच्या साड्यांवर हा जाऊ दे."

पोपटाची कार्डं मी त्याच दुपारी उतरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.