सात हात पाण्याखालची विहीर

थंडीत गळाला मासा लागत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पौषात जाळीवालेसुद्धा जाळी गुंडाळून शेकोटीपाशी बसतात. माझ्या दाजींना मात्र मासा लागायचा तो पौषातच. ते त्यांना कसं जमायचं, हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर मी त्यांच्याशी कसा वागलो तेही सांगावं लागतं. म्हणून आजवर मी दोन्ही पोटात ठेवलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्यांचं गाव तळ्याच्या काठावर. खाली घाटापलीकडे मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करतात, तिच्यासाठी पाणी अडवून हे तळं झालं, तेव्हा दाजी ऐन विशीत होते. त्यांची वरची खाचरं राहिली, खालची पाण्यात गेली. खालच्या खाचरात त्यांच्या वडिलांनी खणलेली, घडीव दगडानं बांधून काढलेली विहीर होती. तीही गेली. दाजी या गोष्टीबद्दल कधी बोलत नसत. फक्त 'तळं' हा शब्द त्यांच्या तोंडात नसे. ते म्हणत, "चला पाव्हणं, खालच्या रानात जाऊन येऊ," आणि गळाची काठी खांद्यावर टाकत.

मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होतो. सुट्टी मिळाली की पायी आक्काकडे जायचो. पहाटे गवतावर दहिवर असे, पाण्यावर धुकं. आम्ही दोघं घोंगड्या पांघरून एका खडकाच्या टोकावर बसायचो. बोलणं फारसं होत नसे. झालंच तर माझ्या डावखुरेपणावरून. मी डाव्या हातानं गळाला गांडूळ लावायला लागलो की दाजी म्हणत, की मासा डाव्यानं धरा, पण खायचा मात्र उजव्यानं, न्हाईतर तुमची आक्का मलाच बोलंल.

दाजींना माशाच्या अंगातली थंडी कळायची, असं मला वाटे. कानशी म्हणून आमच्याकडे एक मासा आहे. काळसर पाठीचा, मोठ्या खवल्यांचा. उन्हाळ्यात तो आमिषामागे धावत येतो. थंडीत तो एका जागी गपगार राहतो. भूक असते, पण अंग हलवायची इच्छा नसते. आमिष त्याच्या तोंडासमोर आलं तर तो तोंड उघडतो. वीतभर वर किंवा वीतभर खाली असलं तर तुम्ही दिवसभर बसा, तो ढुंकून बघणार नाही. म्हणजे थंडीत सगळी कला एकाच गोष्टीत, गळ किती खोल सोडायचा यात. दाजी गळ सोडत, विडी काढत, आणि विडी संपायच्या आत दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोराचं पीस कलायचं. एवढंसं. वारा लागल्यासारखं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं.

ही खोली कुणी कुणाला सांगत नसे. दोरीवर जिथं ते पीस बांधायचं तिथं काळ्या दोऱ्याची एक गाठ मारतात. गळापासून त्या गाठीपर्यंतचं अंतर, ती त्या दिवसाची खोली. उठताना आधी काळा दोरा सोडायचा, मग दोरी गुंडाळायची. आणि शेजारच्यानं त्या गाठीकडे बघायचं नाही, जेवणाऱ्याच्या ताटात डोकावू नये तसं. हे कुणी शिकवत नाही. काठावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मलाही होतं.

एकदा त्यांची म्हैस वरच्या खाचरात शिरली. दाजी काठी माझ्या हातात देऊन तिला हाकायला गेले. मी दोरी ओढून घेतली आणि गळापासून गाठीपर्यंत हातानं मापून काढली. सात हात भरली. दाजी परत येईपर्यंत गळ पुन्हा पाण्यात होता.

धक्क्यावरच्या लोकांना मी सांगून टाकलं होतं, की येत्या सुट्टीला तुम्हा सगळ्यांना कानशीचं कालवण. मला एकट्यालाही मासा धरता येतो हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते अजून नीटसं कळलेलं नाही. पुढच्या सुट्टीला आक्काच्या घरी न जाता मी आडवाटेनं थेट त्या खडकावर गेलो. सात हातांवर काळा दोरा बांधला, गळ सोडला. पीस हललं नाही. जरा वेळानं ओढून पाहिलं तर गळ कशात तरी रुतलेला. मी जोर केला, दोरी तुटली, आणि पीस, दोरा, सगळं घेऊन पाण्यात गेली. मी उठलो आणि लोणावळ्याला परत आलो. धक्क्यावर सांगितलं, थंडीत मासा कुठला लागतोय.

त्यानंतर आक्काकडे गेलो तेव्हा दाजी जेवायला बसले होते. मला पान वाढलं गेलं. जेवता जेवता त्यांनी कोनाड्यातून एक मोराचं पीस काढून पुढे ठेवलं. त्याला माझी तुटकी दोरी होती, काळा दोरा होता. झालं होतं असं, की त्यांचा गळ माझ्या अडकलेल्या दोरीत गुंतला, आणि सोडवता सोडवता तुटून खाली गेला. तो गळ त्यांच्या वडिलांनी लोहाराकडून घडवून घेतलेला. तसा दुसरा नव्हता. त्या खालच्या रानातून आता एवढंच पीक निघत होतं, वर्षाकाठी चार-दोन मासे, आणि ते त्याच गळानं.

आक्का चिडली. कुणा मेल्यानं हे केलं म्हणाली, शहरातले आले असतील, त्यांना काय.

दाजी भाकरी मोडत म्हणाले, "शिकाऊ व्हता कुणीतरी. पानी उतरलंय हे त्याला ठावं न्हवतं."

ते खरं होतं. विजेसाठी पाणी सोडतात, थंडीत तळं रोज थोडं थोडं उतरतं. आधी जे सात हात होतं ते आठवड्यानं सात राहत नाही. मी वरून मोजलं होतं. 'तो मीच' म्हणायला तेव्हा जागा होती. ती मी सोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींनी मला उठवलं आणि खडकावर नेलं. काही न विचारता दोरीला दगड बांधून माझ्या हातात दिला. म्हणाले, "वरनं मोजायचं न्हाई. वरचं पानी लोकांचं हाय, कवा जाईल सांगता येत न्हाई. तळातनं मोजायचं. तळ आपला हाय."

मग त्यांनी ते सगळं रान मला बोटानं दाखवलं. वर नुसतं करड्या रंगाचं पाणी. पण ते सांगत होते, की हा बांध, हितं बैलं वळायची, तो आंब्याचा बुंधा, आणि ही समोर हीर. पाणी फार उतरलं की एखाद्या उन्हाळ्यात तिचा काठ दिसतो, म्हणाले. पौषात वाऱ्यानं वरचं पाणी गार होतं, तळ त्याहून गार. विहिरीच्या काठाच्या दगडांआड कानशी आडोशाला थांबते, काठाच्या वीतभर वर. सकाळी तिथंच, ऊन चढलं की अर्धा हात आणखी वर. विहिरीबाहेर दगड तळाला लावून खोली घ्यायची, त्यातून विहिरीच्या काठाची उंची वजा करायची, मग आणखी वीतभर. एवढंच. पण ज्यानं त्या काठावर बसून लहानपणी पाय सोडले आहेत, त्यालाच ते कळणार.

मी बघत राहिलो. ज्या माणसाची जमीन पाण्यानं नेली, त्याच्या पायाखाली ती अजून तशीच होती, बांधासकट. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर कितीतरी पौष मी त्यांच्या शेजारी बसलो, मासे धरले, आणि दर वेळी नव्या गळाकडे बघून मान खाली घातली.

गेल्या पौषात दाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरला होता. आक्का नको म्हणत असताना हात धरून मी त्यांना खडकावर नेलं. मी तळ घेतला, उंची वजा केली, वीत धरली. दाजींनी दोरी माझ्याकडेच राहू दिली. काळा दोरा मीच बांधला आणि गळ सोडला.

मग म्हणालो, "दाजी, त्या वर्षी हितं आलेला मीच होतो."

त्यांनी तोंड पाण्याकडेच ठेवलं. "ठावं हाय."

"कसं?"

"काळ्या दोऱ्याला उलटी गाठ व्हती. अख्ख्या मावळात डावखुरा गळवाला तू एकलाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. आन तुझ्या आक्कानं माझं जेवान बंद केलं असतं." ते हसले.

मी म्हणालो, वडिलांचा गळ माझ्यापायी गेला.

"गेला कुटं?" दाजी म्हणाले. "म्हाताऱ्याचा गळ म्हाताऱ्याच्या हिरीत हाय." त्यांनी चेहरा वर करून गालावर ऊन घेतलं. "अर्धा हात वर घे. ऊन आलं."

मी दोरी ओढली, काळा दोरा सोडला, अर्धा हात कमी केला, आणि पुन्हा बांधला. गाठ माझ्या हातून उलटीच पडली.